संशयी यंत्रांचा लोहमार्ग

मुठीत मावेल असा एक पोलादी गोळा, तो ठेवायला चामड्याची पिशवी आणि पिशवीला बांधलेले वेताचे मोठे कडे. मीटरगेजच्या काळात मनमाडहून जालना, परभणी, पूर्णा करत नांदेडला गेलेल्या जुन्या मंडळींना हे कडे चांगले आठवत असेल. न थांबणारी गाडी स्टेशनात शिरली की इंजिनातला माणूस जवळचे कडे फलाटावर भिरकावायचा आणि पुढच्याच क्षणी रेल्वेच्या नोकराने उंच धरलेल्या दुसऱ्या कड्यात कोपरापर्यंत हात घालून ते उचलायचा. नेम चुकला तर गाडी थांबवायची, कुणीतरी मागे पळत जाऊन कडे आणायचे, मगच पुढे निघायचे. फलाटावरच्या पोरांना हा फुकटचा खेळ वाटे.

खेळामागे मात्र पक्का हिशेब होता. एकेरी रुळाच्या दोन टोकांच्या स्टेशनांवर नील यांच्या नावाने ओळखले जाणारे एकेक यंत्र असे आणि दोन्ही यंत्रे तारेने जोडलेली असत. पलीकडच्या स्टेशन मास्तराने घंटेच्या ठरलेल्या ठोक्यांनंतर संमती दिल्याशिवाय अलीकडच्या यंत्रातून गोळा सुटत नसे. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हींपैकी कोणत्याच यंत्रातून दुसरा निघत नसे. गोळा ज्याच्या हातात, रूळ त्याचा. आणि तार तुटली, बॅटरी उतरली, आतला एखादा पुर्जा अडकला तर काय? तर गोळा निघतच नसे. यंत्र गप्प बसे आणि मास्तराला कागदी परवान्याचा लांबचा रस्ता धरावा लागे. बिघडलेल्या यंत्राने चुकूनही ‘हो’ म्हणायचे नाही, एवढी एकच शिस्त त्या लोखंडी पेटीला शिकवलेली होती.

चालू असतानाच स्वतःवर नजर ठेवणारी आणि स्वतःच दुरुस्त होणारी प्रणाली कशी रचायची, हा आज संगणकशास्त्रातला मोठा विषय आहे. २००१ मध्ये आयबीएमच्या पॉल हॉर्न यांनी त्याला ‘ऑटोनॉमिक कम्प्युटिंग’ असे भारदस्त नाव दिले. आपण लक्ष दिले नाही तरी शरीर श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळते, तसे संगणकांनी आपले आपण सावरावे, अशी त्यांची मांडणी होती. कल्पना देखणी आहे, पण तिचे दोन भाग आहेत आणि ते नेहमी एका दमात बोलले जातात: बिघाड ओळखणे आणि बिघाड मिटला असे ठरवणे. नांदेड आणि लातूरच्या रुळांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दिसते की रेल्वेने पहिले काम यंत्राकडे आनंदाने सोपवले. दुसऱ्याच्या बाबतीत ती आजही हात आखडता घेते, आणि तिच्या या कंजूषपणात बरेच शहाणपण आहे.

मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद–गोदावरी व्हॅली मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. लांबी ३९१ मैल, रूळ मीटरगेज, चालवणारी कंपनी निजामाच्या हमीवर उभी असलेली. १९३० मध्ये निजाम सरकारने ती स्वतःच्या ताब्यात घेतली. पुढे हैदराबाद संस्थान विलीन झाले, रेल्वे भारतीय रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि १ एप्रिल २००३ ला नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला. लातूरला रेल्वे वेगळ्याच दिशेने पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. लातूरच्या भुसार बाजाराला तिने सोलापूर-मुंबईचे दार उघडून दिले. त्याच वाटेवरच्या, पण आता रुंद झालेल्या रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, तेव्हा कॅलथ्रॉपचे नाव कुणाला आठवण्याचे कारण नव्हते.

या मार्गांवर दीर्घकाळ एकच रूळ होता. एकेरी मार्गाची भीती सोपी असते: समोरून कुणी येत नाही ना? दुहेरी मार्गावर पुढच्या गाडीला मागून धडकण्याचा धोका, एकेरीवर समोरासमोरचा. म्हणून सगळी कल्पकता एका प्रश्नावर खर्ची पडली: मधला पट्टा मोकळा आहे, हे कोण सांगणार आणि सांगणारा चुकला तर?

जुन्या सिग्नलच्या खांबावरचा लाकडी किंवा पत्र्याचा हात पाहा. आडवा असेल तर थांबा, खाली झुकला असेल तर चला. तो झुकवायला केबिनमधून तार ओढावी लागे. तार तुटली की खांबावरचे वजन हाताला आपोआप पुन्हा आडवे करी. हा शहाणपणा फुकट मिळालेला नाही. जानेवारी १८७६ मध्ये इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टनजवळ बर्फाच्या वादळात सिग्नलचे हात ‘चला’च्या स्थितीतच गोठून बसले, आणि थांबायला हव्या होत्या त्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या काळी तिथे सिग्नल एरवी मोकळाच ठेवण्याची पद्धत होती. अपघातानंतर विचार उलटा झाला. सिग्नलची नैसर्गिक अवस्था ‘थांबा’ असली पाहिजे आणि ‘चला’ म्हणायला मुद्दाम कष्ट पडले पाहिजेत.

अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये हेच तत्त्व विजेत उतरवले होते. रुळाच्या एका तुकड्यात बॅटरीतून सौम्य प्रवाह सोडायचा. दुसऱ्या टोकाला असलेला रिले त्या प्रवाहाच्या जोरावर वर उचललेला राहतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. गंमत पुढे आहे. रूळ तडकला तरी रिले पडतो, बॅटरी संपली तरी पडतो, तार कुरतडली गेली तरी पडतो. बिघाड शोधणारी वेगळी व्यवस्था इथे नाहीच. यंत्र चालू असणे हीच त्याच्या तब्येतीची क्षणोक्षणीची चाचणी. आजच्या सर्व्हरमध्ये दर काही सेकंदांनी ‘मी जिवंत आहे’ असा संदेश पाठवणारी जी व्यवस्था असते, तिचा पणजोबा हा रॉबिन्सनचा रूळ, म्हणजेच ट्रॅक सर्किट.

मराठवाड्यासारख्या मुलखात या पणजोबाला दम्याचा त्रास होतो. काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात खडीतून वर येतो, खडी ओली आणि मळकी होते, आणि प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात झिरपू लागतो. गाडी नसतानाही रिले पडतो. लाल सिग्नल, थांबलेली गाडी, वैतागलेले प्रवासी, आणि दिवा घेऊन रुळावर उतरलेला सिग्नल मेंटेनर. धोका काहीच नाही, खोळंबा मात्र पुरेपूर. ‘सुरक्षित बिघाड’ ही गोष्ट कागदावर फार छान वाटते. आडगावच्या स्टेशनाबाहेर रात्री दोन तास उभ्या असलेल्या गाडीत बसल्यावर तिची किंमत कळते.

त्यावरचा तोडगा म्हणून आलेले यंत्र म्हणजे ॲक्सल काउंटर, आणि स्वतःला सावरणाऱ्या यंत्रांच्या या कथेतले सर्वांत रंजक पात्र तेच आहे. काम एवढेच की पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रुळाला बसवलेल्या संवेदकांनी आत गेलेले आस आणि बाहेर आलेले आस मोजायचे. दोन्ही आकडे जुळले तर पट्टा रिकामा. खडी ओली असो की कोरडी, त्याला फरक पडत नाही.

पण समजा, आत ९६ आस गेले आणि बाहेर ९५ आले. म्हणजे एक डबा तुटून मागे राहिला, की संवेदकाची एक मोजणी हुकली? सामान्य माणूस म्हणेल, अर्धा डबा कसा मागे राहील, मोजणीच चुकली असणार. यंत्राला असा तर्क करण्याची परवानगी नाही. ते पट्टा भरलेला धरते आणि तसेच अडून बसते. ढकल ट्रॉली संवेदकावरून गेली, रुळाचे काम करताना कुणी लोखंडी अवजार जवळ नेले, विजेच्या कडकडाटात कार्डाला झटका बसला, तरी निकाल तोच.

आता ते पूर्ववत कसे करायचे? संगणक अडला की बंद करून चालू करायची आपल्याला सवय आहे. ॲक्सल काउंटर शून्यावर आणणे तांत्रिकदृष्ट्या तितकेच सोपे आहे, आणि म्हणूनच रेल्वेने ते मुद्दाम अवघड करून ठेवले. रीसेटची पेटी स्टेशन मास्तराच्या खोलीत, तिला किल्ली. शेवटची गाडी पूर्ण आली, शेवटच्या डब्यामागची खूण दिसली, पट्ट्यात काही उरलेले नाही, याची खात्री माणसाने करायची. रीसेटचे बटण दाबले की पेटीवरचा आकडा एकाने पुढे सरकतो. तो मागे फिरवता येत नाही. प्रत्येक आकड्याची नोंद कारणासह वहीत करायची. एवढे झाल्यावरही दोन स्टेशनांमधल्या ब्लॉकमध्ये यंत्र लगेच ‘मोकळे’ म्हणत नाही. ते आधी एका मधल्या अवस्थेत जाते. पुढची एक गाडी कागदी परवान्यावर, जपून, त्या पट्ट्यातून न्यायची. तिचे आस आत-बाहेर बरोबर मोजले गेले तरच यंत्र स्वतःवर पुन्हा विश्वास ठेवते.

यंत्र आजारातून उठले की आधी परीक्षा आणि मग कामावर रुजू. डेटा सेंटरमध्ये नवा सर्व्हर आधी थोडी रहदारी देऊन तपासण्याची जी रीत आज मिरवली जाते, ती इथे आडवळणाच्या स्टेशनांवर रोजच्या वहीत होती.

पुढे एक पाऊल पडले. भारतीय रेल्वेने जास्त भरवशाचे डिजिटल ॲक्सल काउंटर आणले, त्यात मूळ पट्ट्यावर आणखी एका स्वतंत्र पट्ट्याची मोजणी पांघरलेली असते. आतल्या पट्ट्याची मोजणी बिघडली, पण वरच्या देखरेख करणाऱ्या मोजणीनुसार सगळे मोकळे आहे, तर बिघडलेली मोजणी आपोआप शून्यावर येते. उलट झाले, तर उलट. दोन्ही एकाच वेळी बिघडल्या, तर मात्र पुन्हा किल्ली, वही आणि मास्तर. यंत्राला स्वतःला बरे ठरवण्याचा अधिकार मिळाला तो असा: दुसऱ्या, वेगळ्या साक्षीदाराने दुजोरा दिला तरच. स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतःचीच साक्ष ग्राह्य नाही.

या कडकपणाशेजारी टेलिफोनचे उदाहरण ठेवून पाहण्यासारखे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाहून मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास थांबावे लागे. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदा तिचे सल्लागार झाले, आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. परदेशी एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. याला नको होती. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार नेणाऱ्या प्रदेशात ही काही बारीकशी सोय नव्हे. नियंत्रणाची कार्डे दुहेरी होती, एक चालू आणि दुसरे तयारीत. पहिले कोसळले की दुसरे सूत्रे हाती घेई. खोलीत माणूस असण्याची गरज नव्हती. पुढच्या काळात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ खेड्यापाड्यांत दिसू लागले, ते अशाच न बोलता सावरणाऱ्या पेट्यांच्या जोरावर.

एक्स्चेंजला हे स्वातंत्र्य सहज मिळाले, कारण तिथे चुकीचा दंड हलका होता. चुकून तुटलेला फोन पुन्हा लावता येतो. पण याच टेलिफोनच्या जगाने आपोआप सावरण्याचा धोकाही दाखवून दिला. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीच्या न्यूयॉर्कमधल्या एका एक्स्चेंजमध्ये किरकोळ बिघाड झाला. त्याने ठरल्याप्रमाणे काही सेकंद स्वतःला बाजूला घेतले, सावरले आणि शेजाऱ्यांना ‘मी परत आलो’ असे कळवले. शेजारच्या एक्स्चेंजमधल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक होती. हे संदेश लागोपाठ आले की तेही कोसळे. मग तेही सावरे आणि आपल्या शेजाऱ्यांना कळवी. अशा रीतीने ११४ एक्स्चेंजांचे जाळे नऊ तास एकमेकांना बरे होऊन पाडत राहिले. बिघाड किरकोळ होता; देश बहिरा झाला तो बरे होण्याच्या घाईने. रेल्वेच्या जुन्या सिग्नलवाल्याने ही हकिगत ऐकली असती तर रीसेट पेटीच्या किल्लीकडे बोट दाखवले असते.

नव्वदच्या दशकात नांदेड मार्गाचे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. रूळ रुंद झाले, गाड्या लांब आणि वेगवान झाल्या. अमृतसरहून येणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसने नांदेडला थेट पंजाबशी जोडले. स्टेशनातले सांधे आणि सिग्नल यांची एकमेकांशी सांगड घालणारी व्यवस्था, जिला इंटरलॉकिंग म्हणतात, ती देशभर हळूहळू रिलेंकडून संगणकाकडे सरकू लागली. ब्रिटनमध्ये पहिले संगणकी इंटरलॉकिंग १९८५ मध्ये लेमिंग्टन स्पा इथे बसले. त्यामागची रचना ऐकायला सोपी आहे. एकच काम तीन संगणक स्वतंत्रपणे करतात. तिघांचे उत्तर एक आले तर ठीक. एकाचे वेगळे आले तर दोघांचे बहुमत ग्राह्य आणि तिसरा बाजूला. गाड्या धावत राहतात, बिघडलेले कार्ड तेवढ्यात बदलता येते. उरलेल्या दोघांतही मतभेद झाला तर मात्र सगळे लाल.

ही मतदानाची युक्ती रेल्वेची नाही. प्रागमध्ये अंतोनिन स्वोबोदा यांनी १९५७ मध्ये चालू केलेल्या सापो या संगणकात तीन गणनयंत्रे एकाच हिशेबावर मत देत. सापो हजारो रिलेंचा बनलेला होता, म्हणजे रेल्वेच्या रिले रूममध्ये असत त्याच जातीच्या पुर्ज्यांचा. इतकी काळजी घेऊनही तो १९६० मध्ये आगीत जळाला. तिन्ही मतदार एकाच खोलीत बसलेले असले की आगीपुढे बहुमताचे काही चालत नाही, हा धडा पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवला. दुसरा धडा १९९६ मध्ये युरोपच्या एरियन-५ अग्निबाणाने दिला. त्यात दिशा सांगणारे दोन संगणक होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोघांत एकच सॉफ्टवेअर, म्हणून दोघेही एकाच चुकीने पाठोपाठ बंद पडले आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत अग्निबाण फुटला. ॲक्सल काउंटरला वेगळ्या साक्षीदाराचा आग्रह का, याचे उत्तर इथे मिळते.

गाडीतल्या माणसाची चूक मात्र अजून मोकळीच होती. सिग्नल लाल आहे, यंत्रणा ठणठणीत आहे, पण चालकाला तो दिसला नाही किंवा डोळा लागला, तर? यावरचा एक मोठा भारतीय प्रयत्न मराठी मुलखातून झाला. कोकण रेल्वेत बी. राजाराम यांच्या पुढाकाराने ‘रक्षा कवच’ नावाचे टक्करविरोधी उपकरण तयार झाले. उपग्रहाच्या मदतीने प्रत्येक गाडी आपले स्थान ओळखी आणि जवळ दुसरी गाडी धोक्याच्या अंतरात आली की ब्रेक लावी. ईशान्य भारतात ते मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. त्याची अडचण होती शेजारशेजारच्या रुळांची. आपण नेमके कोणत्या रुळावर आहोत, हे आकाशातून पाहून खात्रीने सांगणे कठीण जाई, आणि मग शेजारून सुरक्षित जाणाऱ्या गाडीलाही यंत्र घाबरे.

नंतरच्या ‘कवच’ या प्रणालीने हा प्रश्न जमिनीवर आणला. रुळामधल्या स्लीपरवर ठरावीक अंतराने छोटे रेडिओ टॅग बसवले. इंजिन त्यांच्यावरून जाताना कोणता रूळ, कोणता किलोमीटर हे वाचते. स्टेशनातले कवच सिग्नलची स्थिती रेडिओवरून इंजिनाला कळवते. चालकाने लाल सिग्नलकडे जाताना वेग कमी केला नाही तर इंजिनातले यंत्र ब्रेक लावते. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या त्या विकाराबाद, वाडी आणि बीदर या टापूत, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या वेशीवर. जुलै २०२० मध्ये ती देशाची अधिकृत प्रणाली ठरली. ४ मार्च २०२२ ला सिकंदराबादजवळ रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले आणि समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर गाडी आपोआप थांबली.

पहिल्या मोठ्या विस्तारात दक्षिण मध्य रेल्वेचे १,४६५ किलोमीटर आले, आणि त्यात मनमाड–नांदेड–सिकंदराबादचा जुना गोदावरी मार्ग होता, तसाच उदगीर आणि लातूर रोडवरून जाणारा बीदर–परभणी मार्गही. मुंबई-दिल्लीच्या गर्दीच्या मार्गांआधी मराठवाड्याच्या वाट्याला एखादी गोष्ट येण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. कारण साधे होते: चाचण्या शेजारी झाल्या होत्या आणि एकेरी, मध्यम रहदारीचा मार्ग शिकण्यासाठी बरा असतो. तरी मराठवाड्याने हा मान पदरात पाडून घ्यायला हरकत नाही.

कवचसाठी सुरक्षेची सर्वोच्च, चौथी पातळी ठरवलेली आहे. तिचा अर्थ, घातक चुकीची शक्यता १० कोटी तासांत एकापेक्षा कमी. वर्षांत सांगायचे तर ११ हजार वर्षांहून जास्त. मात्र हा आकडा घातक चुकीचा आहे, बिघाडाचा नाही. कवच बिघडू शकते, बिघडतेही. बिघडले की ते स्वतःच्या तपासणीत पकडले जाते आणि ब्रेक लागतो. मग चालक ठरलेल्या नियमाने ते वेगळे काढतो आणि गाडी जुन्या पद्धतीने, डोळ्यांनी सिग्नल पाहत जाते.

आणि काही गोष्टी यातल्या एकाही यंत्राच्या नजरेत नाहीत. ८ मे २०२० च्या पहाटे याच गोदावरी मार्गावर, बदनापूर आणि करमाड यांच्यामध्ये, जालन्याहून पायी गावी निघालेले मजूर रुळावर झोपले होते. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत होती. मालगाडी आली आणि १६ जण गेले. चालकाने त्यांना पाहून गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला होता. ॲक्सल काउंटर आस मोजतो, ट्रॅक सर्किटला लोखंड कळते, कवचला टॅग आणि सिग्नल. त्यांच्या भाषेत त्या पहाटे मार्ग मोकळा होता.

या कथेत लातूर शहर आता दुसऱ्या बाजूने शिरते आहे. शहराजवळच्या हरंगुळच्या रेल्वे डबे कारखान्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि २५ डिसेंबर २०२० ला तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. शयनयान वंदे भारत गाड्या तिथे बनवण्याचा करार रेल विकास निगम आणि रशियाची टीएमएच यांच्या संयुक्त कंपनीशी झाला आहे. मूळ करारात १२० गाड्या, प्रत्येकी १६ डबे, आणि ३५ वर्षांची देखभालही त्याच कंपनीकडे. अशा गाडीत दारे, ब्रेक, वातानुकूलन, धूर यांवर गाडीचाच संगणक लक्ष ठेवतो. धुराचा उल्लेख नांदेडकरांना टोचणारा आहे. २८ डिसेंबर २०१३ ला बंगळूरहून नांदेडला निघालेल्या एक्स्प्रेसचा एक वातानुकूलित डबा आंध्रात पहाटे पेटला आणि २६ प्रवासी दगावले. धूर दिसताच इशारा देणारी आणि ब्रेक लावणारी यंत्रणा वातानुकूलित डब्यांत त्यानंतर मोठ्या प्रमाणावर आली.

एवढ्या संशयी यंत्रांना चकवता येते ते दुरुस्तीच्या वेळी. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. २९० हून अधिक माणसे गेली. इंटरलॉकिंग तर्काला चुकले नव्हते. पूर्वीच्या फेरफारात राहिलेल्या आणि त्या दिवशी फाटकाच्या कामात झालेल्या जोडणीच्या चुकीमुळे त्याला खोटी माहिती मिळत होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी बोट ठेवले ते दुरुस्तीच्या शिस्तीवर.

ही शिस्त फार जुनी आणि कंटाळवाणी आहे. रिले रूमला दोन कुलपे, एक किल्ली स्टेशन मास्तराकडे आणि दुसरी सिग्नल खात्याकडे, म्हणजे एकट्याला आत जाता येऊ नये. आतल्या हालचाली टिपणारा डेटा लॉगर वेगळा. कशालाही हात लावायचा तर आधी डिस्कनेक्शन मेमो, मास्तराची सही, आणि तेवढ्या वेळेपुरती ती यंत्रणा अस्तित्वातच नाही असे धरून गाड्या चालवायच्या. काम झाल्यावर प्रत्येक सांधा आणि सिग्नल जुळवून पाहायचा, मग जोडल्याचा मेमो. या शिस्तीची पुढची कसोटी कवचच्याच बाबतीत आहे: जुलै २०२४ मध्ये त्याची ४.० ही आवृत्ती मंजूर झाली. मराठवाड्यातल्या मार्गांवर आधीची आवृत्ती बसलेली असल्याने पहिलेपणाचा तोटाही याच भागाच्या वाट्याला आला: जे इतरत्र नव्याने बसेल, ते इथे चालत्या गाड्यांच्या मधल्या रिकाम्या तासांत, स्टेशनामागून स्टेशन, बदलत जायचे आहे.